साजरी पोरगी आणि साजरा वाढदिवस

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचं माहेर पुण्याचं, सासर रावेर तालुक्यातलं. लेकीला पहिल्यांदा गावी नेलंत तेव्हा आजेसासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पोरगी मोठी साजरी हाये वं!" तुम्हाला वाटलं, काहीतरी साजरं करायचं म्हणताहेत. नवऱ्यानं "साजरी म्हणजे छान" एवढ्यावर भागवलं. दीर म्हणाले, हिंदीत 'सजना' म्हणजे नटणं, त्यावरून आलंय. शेजारच्या कुणीतरी 'अहिराणी शब्द आहे' असं सांगून टाकलं. आता लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर नवऱ्याला "आमच्या साजरीचा वाढदिवस साजरा करू या" अशी ओळ छापायची आहे, आणि यात दोन वेगळे शब्द आहेत की एकच शब्द दोनदा आलाय, हे तुम्हाला हवंय.

एकच शब्द दोनदा आलाय. दीर थोडे चुकले, शेजारी जरा जास्त चुकले, आणि तुमच्या यजमानांचं उत्तर बरोबर असलं तरी 'छान' म्हणून त्यांनी शब्दावर अन्याय केला. कसा, ते सांगतो. उत्तर लांबेल, तीस-बत्तीस वर्षं भुसावळ-यावलकडच्या पोरांना मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं बोलीतले शब्द वह्यांत उतरवून घेतले, त्यामुळे या विषयावर मला आवरतं घेणं जमत नाही.

आधी अर्थ. साजरा, साजरी, साजरं म्हणजे देखणं, सुरेख, नीटस. माणसाला लागतं तसं वस्तूलाही लागतं. नवरी साजरी असते, लुगडं साजरं असतं, नव्यानं सारवलेलं अंगण साजरं दिसतं. पण आमच्याकडं शब्द तेवढ्यावर थांबत नाही. माझ्या वहीत एकाच गावातल्या, एकाच आठवड्यात ऐकलेल्या या ओळी आहेत: "यंदा कपाशी साजरी हाये." "कनीक साजरी भिजव." "आता तब्येत साजरी हाये ना?" "पोराशी साजरं बोल जरा." बामणोदची वांगी भरतासाठी निवडताना बाई हातात वांगं फिरवते आणि "हे साजरं हाये" म्हणून टोपलीत टाकते. तिथं रूप बघितलेलं असतंच, पण वांगं कीड नसलेलं, भाजायला योग्य, हेही त्यात आलं. म्हणजे सुंदर, चांगलं, योग्य, निरोगी, व्यवस्थित अशा पाच खोल्यांत हा शब्द सारखा ये-जा करतो. मधली दारं उघडीच असतात.

उपरोधही आहेच. हातातली बरणी फुटली की सासू म्हणते, "साजरं केलं माय!" त्या 'साजरं'ला तुम्ही कधी सापडला असाल तर अर्थ सांगायची गरज नाही.

सुंदर वाटणारा शब्द हळूहळू नुसता 'चांगला' या अर्थावर येणं, ही मराठीची जुनी सवय आहे. खुद्द 'चांगला' बघा. त्याच्या पोटात 'चांग' आहे, 'चांगभलं'मधला. प्राकृतात 'चंग' म्हणजे सुंदर, चारु. पंजाबी-हिंदीत तो 'चंगा' होऊन 'ठणठणीत' या अर्थाला गेला, आपल्याकडं 'चांगला' होऊन जगातल्या प्रत्येक बऱ्या गोष्टीला लागला आणि रूपाशी असलेलं त्याचं नातं विसरला. 'बरवा'चंही तेच. संतांच्या अभंगात बरवं म्हणजे सुंदर. आज त्याच्या नात्यातलं 'बरं' आपण डोकेदुखी कमी झाली की वापरतो. 'साजरं' आमच्याकडं त्याच वाटेनं निघालंय, पण अजून घर सोडलेलं नाही. रूपाचा अर्थ ताजा आहे, म्हणून तर आजीनं तो बाळाला लावला.

आता यजमानांच्या 'छान'वर माझा आक्षेप. 'साजरा' हा 'साजणे' या क्रियापदाचा मुलगा. साजणे म्हणजे शोभणे, जुळणे, अंगाला बसणे. ही क्रिया पुण्याच्या बोलण्यातून गेली असं तुम्हाला वाटेल, पण "बापाच्या नावाला साजेसं काम केलं" असं तुम्हीही म्हणता. त्या 'साजेसं'मध्ये ती जिवंत आहे. म्हणून साजरं सौंदर्य हे जुळून आलेलं सौंदर्य असतं. नाक सरळ, डोळे मोठे, रंग गोरा असा हिशेब त्यात नसतो; जे आहे ते एकमेकांना शोभून दिसतं आहे, असं त्यात असतं. आमच्याकडं सावळी पोरगी बिनदिक्कत साजरी असते. 'गोरीगोमटी' म्हटलं की रंग आलाच. 'साजरी' म्हटलं की रंगाचा प्रश्नच येत नाही. स्थळं बघायला जाणाऱ्या बायकांच्या तोंडी हा फरक मी इतक्यांदा ऐकलाय की त्यावर पैज लावीन. "गोरी हाये, पन साजरी नाही," असं एक वाक्य माझ्या वहीत आहे. मुलीवर अन्यायच, पण शब्दाचा अर्थ सांगायला याहून चोख वाक्य सापडणार नाही.

याच्या शेजारी 'देखणा' ठेवा. तो 'देखणे'वरून आला, म्हणजे बघत राहावं असा. सौंदर्य बघणाऱ्याच्या डोळ्याकडून मोजलेलं. साजऱ्यात ते वस्तूच्या आतल्या जुळणीकडून मोजलेलं असतं. गंमत अशी की प्रमाण मराठीत 'देखणा' राहिला आणि 'देखणे' गेलं; आपण पाहतो किंवा बघतो, देखत नाही. आमच्या पश्चिमेला, अमळनेर-धुळ्याकडं अहिराणीत मात्र ते क्रियापद रोजच्या वापरात आहे. "मी देखी ऱ्हायनू" म्हणजे मी बघतोय. त्यामुळं अहिराणी बोलणारी बाई "आंडेर देखनी शे" म्हणते तेव्हा तिच्या कानाला त्यात 'देख' ऐकू येतं. पुणेकराला येत नाही. त्याला 'देखणा' हा एक घडीव दगड वाटतो, कुठल्या खाणीतला ते माहीत नसलेला. साजऱ्याचं दुखणं नेमकं हेच आहे, फक्त नकाशावर दुसऱ्या बाजूला.

उगमाकडं येऊ. संस्कृतात 'सज्ज' म्हणजे तयार, सिद्ध, सामग्रीनिशी उभा. रथ सज्ज, सैन्य सज्ज. प्राकृतातही तो 'सज्ज'च राहिला. पुढं मराठीत येताना जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांब झाला. हा नियम इतका पक्का आहे की डोळे मिटून लावावा: अद्यचं अज्ज आणि मग आज, हस्तचं हत्थ आणि मग हात, सप्तचं सत्त आणि मग सात, कर्मचं कम्म आणि मग काम. तसंच सज्जचं साज. तयार असण्यावरून नटलेलं असण्याकडं अर्थ कसा सरकला, हे पोळ्याच्या दिवशी कुठल्याही खेड्यात दिसतं. बैल धुतला, शिंगं रंगवली, झूल, गोंडे, घुंगरमाळ चढवली, की तो मिरवणुकीला तयार होतो आणि त्याच घटकेला सुंदरही होतो. अंगावर चढवलं ते 'साज', चढवल्यावर शोभलं ते 'साजलं'. 'साजसज्जा' हा शब्द आपण मोठ्या ऐटीत लिहितो, पण तो एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी लावल्यासारखा आहे: 'साज' प्राकृतातून झिजून आलेला, 'सज्जा' संस्कृतातून थेट उचललेला.

'साज' कळला. मग हा 'रा' कुठला? इथं खरी मौज आहे आणि इथंच बहुतेक लोक घसरतात. एका सद्गृहस्थांनी मला 'साज धरा'चं 'साजरा' झालं असं फार आत्मविश्वासानं सांगितलं होतं. अशा व्युत्पत्ती चहाबरोबर छान लागतात.

जुन्या मराठीत हा शब्द 'साजिरा' आहे. विठ्ठलाचं रूप संतांना साजिरं, गोजिरं, गोमटं दिसतं. म्हणजे मूळ प्रत्यय 'इर'. हेमचंद्र या जैन आचार्यांनी बाराव्या शतकात गुजरातेत जे व्याकरण लिहिलं, त्याच्या प्राकृताच्या भागात या प्रत्ययासाठी स्वतंत्र सूत्र आहे. एखादी गोष्ट करण्याचा ज्याचा स्वभाव, ते सांगायला क्रियापदाला 'इर' लावा, असं ते सूत्र. त्यांची उदाहरणं बघा: हसिरो, रोविरो, लज्जिरो, भमिरो. हसण्याचा स्वभाव असलेला, रडण्याचा, लाजण्याचा, भटकण्याचा. आता यातला हसिरो आणि लज्जिरो जरा तोंडात घोळवा. हसरा. लाजरा. तुम्ही रोज वापरता ते हेच! नाचरा, बुजरा, कापरा, बोचरा ही सगळी त्याच कुळातली पोरं. नाचरा मोर हा एखादेवेळी नाचलेला मोर नव्हे, नाचणं ज्याच्या अंगात आहे तो. तसा साजरा म्हणजे साजणं ज्याच्या अंगात आहे तो. कपडे घालून शोभला, उतरवले की संपलं, असं नाही.

मधली 'इ' गळाली याचं नवल वाटू नये. मराठी शब्दाच्या मधल्या ऱ्हस्व 'इ'ला बसायला जागाच देत नाही. जुन्या मराठीतला आरिसा आज आरसा आहे, चांदिणं आज चांदणं आहे. लाजिराचा लाजरा झाला, पण 'लाजिरवाणा'मध्ये ती 'इ' अजून लपून बसलीय, कारण तिथं शब्द पुढं लांबला आणि तिला आडोसा मिळाला. साजिऱ्याचा साजरा याच नियमानं. म्हणजे आमच्या आजीचा 'साजरा' हा कुण्या शुद्ध शब्दाचा गावठी अपभ्रंश नाही. साजिरा ते साजरा हा प्रवास तितकाच रीतसर आहे जितका आरिसा ते आरसा. आरशाला कुणी गावठी म्हणत नाही.

आता दिरांचं 'सजना'. त्यांच्या म्हणण्यात खोट आहे ती दिशेची. हिंदीतलं सजना, सजाना, सजावट हे त्या 'सज्ज'चेच वंशज, यात वाद नाही. पण ते आपल्या साजऱ्याचे चुलतभाऊ आहेत, बाप नव्हेत. हिंदीत दुहेरी 'ज्ज'चा एकेरी 'ज' झाला तरी आधीचा 'स' ऱ्हस्वच राहिला: सजना. मराठीनं तो लांब केला: साजणे. शब्द हिंदीतून उसना घेतला असता तर आपण 'सजरा' म्हणालो असतो. शिवाय 'इर' लावून केलेलं असलं विशेषण हिंदीच्या घरात नाही. गुजराती मात्र जवळची निघते. तिच्यात 'साजुं' म्हणजे बरा झालेला, धडधाकट. आमच्या "तब्येत साजरी हाये"शी ते किती मिळतंजुळतं आहे! दोन्हीकडं 'सज्ज' रूपाकडून आरोग्याकडं गेला, की आधी आरोग्याकडं आणि मग रूपाकडं, हा कोंबडी-अंड्याचा घोळ मी माझ्यापुरता बाजूला ठेवलाय.

सावध राहा म्हणून दोन तोतये सांगतो. गाण्यांतला 'साजण' किंवा 'साजन' हा साजाचा कुणी लागत नाही. तो 'सज्जन'. सत् अधिक जन, भला माणूस, मग आपला माणूस, मग प्रियकर. ध्वनींनी दोघांना एकाच घरासमोर आणून सोडलं, एवढंच. दुसरा 'साजिंदे'. तमाशात किंवा गाण्याच्या बैठकीत वाद्यं वाजवणारे ते साजिंदे. हा फारसीतल्या 'साज'वरून आलेला, म्हणजे सामग्री, वाद्य. फारसी साज आणि आपला साज हे मराठीत इतके मिसळलेत की घोड्याचा साज म्हणताना त्यात कुणाचं पाणी किती, हे सांगणं म्हणजे चांगदेवच्या संगमाखाली तांब्या बुडवून तापी कुठली आणि पूर्णा कुठली ते सांगण्यासारखं. पण साजऱ्याच्या बाबतीत ही अडचण नाही. तो प्राकृतातला 'इर' अंगावर घेऊन आलाय. त्या शिक्क्यावर फारसीचा हक्क पोचत नाही.

शेजाऱ्यांचं अहिराणी. हा गैरसमज फार पसरलेला आहे: खानदेश म्हणजे अहिराणी. बाहेरच्यांचं सोडा, आमचीच नोकरीला बाहेर गेलेली पोरं असं सांगतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तीन जिल्ह्यांत किती बोली आहेत हे मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. अहिराणी सगळ्यांत मोठी, खरं आहे. पण तिच्या शेजारी तावडी आहे, लेवा गणबोली आहे, गुजरी आहे, सातपुड्यात भिल्ली आणि पावरी आहेत. रावेर, यावल, भुसावळ, मुक्ताईनगर हा पट्टा लेवा गणबोलीचा. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) असोद्याच्या. त्यांच्या ओव्यांनाही लोक अहिराणी म्हणून मोकळे होतात, आणि इकडची माणसं चरफडतात.

फरक ओळखायची साधी खूण सांगतो. आजी काय म्हणाल्या? "साजरी हाये." अहिराणी बोलणारी बाई 'हाये' म्हणणार नाही, 'शे' म्हणेल. या एका क्रियापदानं बोलीचा पत्ता कळतो. ब्रिटिश अधिकारी ग्रियर्सननं केलेल्या भारतातल्या भाषांच्या पाहणीत अहिराणी, म्हणजे त्याची 'खानदेशी', मराठीच्या खंडात नाहीच. ती १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांशेजारी बसलीय. ती तिथं बसावी की नाही यावर लोक अजून भांडतात, आणि माझ्या मते तिला मराठी-गुजरातीच्या उंबरठ्यावर बसवणं जास्त न्यायाचं होईल. पण 'शे' म्हणणारी आणि 'हाये' म्हणणारी या दोन वेगळ्या बोली आहेत, हे कुणीही गावात एक दिवस बसला तरी त्याला ऐकू येईल.

मग साजरं आलं कुठून आमच्याकडं? आलं नाही, होतंच. पण सोबत कुणाची ते विचारा. पूर्वेला मलकापूर, नांदुरा, अकोला, अमरावती असं चालत जा. वऱ्हाडात 'साजरं' पावलोपावली भेटतं, आमच्या इतकंच किंवा जास्त. पूर्णा वऱ्हाडातून येते आणि मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापीला मिळते. माणसंही याच वाटेनं येतात-जातात. रावेरच्या मुली मलकापूरकडं दिलेल्या, तिकडच्या इकडं आणलेल्या. सोयरीक जिथवर जाते तिथवर शब्द जातो. मी ज्या गावांत बसून ऐकलं त्यावरून सांगतो: भुसावळ, बोदवड, जामनेरपर्यंत साजरं जोरात आहे. एरंडोल ओलांडून पारोळ्याकडं गेलं की ते विरळ होतं आणि त्याची कामं 'देखनं', 'चांगलं', 'बेस' वाटून घेतात. धुळ्याच्या बाजारात मी एकदा मुद्दाम "साजरी वांगी द्या" म्हटलं. बाईनं विचारलं, "कोन गावनी ती?" तिला ते गावाचं नाव वाटलं.

राहिला तुमचा मुख्य घोळ, 'साजरा करणे'. प्रमाण मराठीनं काय केलं? तिनं विशेषण वापरणं सोडलं आणि फक्त 'करणे'सोबतचा जोड ठेवला. मग पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं की 'साजरा' म्हणजे उत्सव, समारंभ असं काहीतरी. पण व्याकरण खोटं बोलत नाही. वाढदिवस साजरा केला, दिवाळी साजरी केली, वर्ष साजरं केलं, सण साजरे केले. लिंग-वचनाप्रमाणं रूप बदलतंय ना? 'सुरू' बदलत नाही. काम सुरू केलं, शाळा सुरू केली. 'साजरा' बदलतो, कारण तो अजूनही धडधडीत विशेषण आहे आणि समोरच्या नामाशी जुळवून घेतो. "जागा स्वच्छ केली", "शेवट गोड केला" तसंच "दिवाळी साजरी केली", म्हणजे दिवाळी सुंदर केली. घर सारवलं, तोरण बांधलं, रांगोळी काढली, नवे कपडे घातले. आलेल्या दिवसावर साज चढवला. दिवस तर तसाही उगवणारच होता. माणसांनी तो साजरा केला. पंचांगात सण असतो, साजरा नसतो.

आणि तरीही तुम्हाला हा शब्द जुन्या अर्थानं शाळेपासून पाठ आहे. दुरून डोंगर साजरे. इथं कुणी डोंगरांचा समारंभ करत नाहीये. ही म्हण कधी अडली नाही, कारण आपण म्हणी सोलून बघत नाही, अख्ख्या गिळतो. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी विचारायचो, "यातलं साजरे म्हणजे काय?" शहरातून बदली होऊन आलेल्यांची पोरं गप्प बसायची. यावलची पोरं खिडकीतून उत्तरेला सातपुड्याकडं बोट दाखवायची. थंडीच्या सकाळी तो तिथून निळा, घडी घातलेल्या शालीसारखा दिसतो. चढायला गेलात की काटे, दगड आणि पाण्याचा पत्ता नाही. म्हण कुणी कुठं रचली असेल ती असो, यावलच्या वर्गात ती समजवावी लागत नव्हती.

हा विसर किती पक्का झालाय याचा एक चटका मलाही बसलाय. एका वृत्तपत्रासाठी मी आजोळावर लेख लिहिला होता. त्यात मामीबद्दल वाक्य होतं, "मामी फार साजरी होती." छापून आलं, "मामी फार साजरं करत असे." मुद्रितशोधकाला वाटलं, मास्तरांचं क्रियापद गळालंय. मामी तेव्हा हयात होती, लेख तिला नातवानं वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्या कवा काय साजरं केलं रे? जल्म गेला भाकरी थापन्यात." मी दुसऱ्या दिवशी तिच्याकडं जाऊन मूळ वाक्य सांगितलं. तिनं पदर सावरला, हसली, आणि मला जेवायला बसवलं. तेव्हा तिचं वय ऐंशीच्या पुढं होतं, आणि खरंच साजरी दिसत होती.

नवीन पोरं 'साजरं' कमी म्हणतात, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांचं 'भारी' असतं, 'कडक' असतं, क्वचित 'खतरनाक'सुद्धा, आणि तेही सुंदर या अर्थानं. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. दर पिढी सुंदरला स्वतःचा शब्द शोधते. पण लहान मुलं आणि नव्या नवऱ्या यांच्यापुरतं 'साजरं' आजही टिकून आहे, कारण तिथं बोलणाऱ्या आज्याच असतात. त्या म्हणतात आणि लगेच पुढं काजळाचं बोट घेऊन गालावर किंवा कानामागं तीट लावतात. तुमच्या आजेसासूबाईंनीही लावली असेल. साजरं म्हणणं म्हणजे दिष्ट लागण्याची जोखीम घेणं, ती तिथल्या तिथं मिटवायची. उगाच कुणालाही असा शब्द देत नाहीत.

तर पत्रिका. ओळ उत्तम आहे, छापाच. एका शब्दाचे दोन जन्म एका ओळीत आणायची इतकी चांगली संधी मला बत्तीस वर्षांत वर्गात मिळाली नाही. फक्त तुमच्या माहेरच्या मंडळींना 'साजरी' हे मुलीचं नाव वाटेल. एखादी मावशी चांदीच्या वाळ्यावर ते कोरूनही आणेल. ते टाळायचं असेल तर पुण्याच्या पत्रिकेत 'साजिरी' छापा. अर्थ तोच, रूप जुनं, आणि पुस्तकी मराठी वाचणाऱ्याला ओळखीचं. रावेरच्या पत्रिकेत मात्र 'साजरी'च ठेवा. तिथं 'साजिरी' छापलीत तर आजी चष्मा पुसून विचारतील, "ही वेलांटी कोन घातली वं मधात?"